पान्हाचोर

त्या वर्षी उन्हाळा असा कडक लागला की ओढ्याकाठचं गवतसुद्धा मुळापासून करपलं. वैरण मिळेना, तसा गोठा रिकामा व्हायला लागला. आधी भाकड गाई विकल्या, मग कमी दुधाच्या. उरलेल्यांत सगळ्यांचा डोळा होता तो एकीवर. तिच्याइतकं दूध त्या गोठ्यात दुसरी कुणी देत नव्हती, पण तिच्या मनात आलं तर. मनात नसलं की कास टम्म भरलेली असूनही सडाला थेंब यायचा नाही. अशी गाय पान्हा चोरते म्हणतात, म्हणून हिचं नावच चोरटी पडलं होतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड खऱ्या, पण हिच्या लाथा खाऊनही बादली कोरडी राहायची.

चोरटीचं वासरू जन्मल्या दिवशीच गेलं. त्यानंतर ती एकाच बाईच्या हाताला लागली. ती बाई गोठ्यात धार काढायला होती आणि सगळे तिला धारवालीच म्हणत. बाळंतपण उरकून ती कामावर परत आली ती पोराला पाठीशी बांधून. पहिल्याच दिवशी चोरटीनं मान वळवली, पोराचे लोंबणारे पाय हुंगले, खरखरीत जिभेनं चाटले, आणि धारवालीनं हात लावायच्या आत सड पाझरायला लागले.

"घ्या! वासरू मानलं हिनं तुझ्या पोराला," वैरणवाला म्हणाला होता. "उद्या कडबा मागायला लागला तर माझ्याकडे पाठवू नकोस."

धारवालीची स्वतःची गंमत वेगळीच होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली की तिच्याही छातीत कळ उठायची आणि कुडतं ओलं व्हायचं. दोघी एकदमच पान्हवायच्या. ती ओढणी पुढे ओढायची, हातातली धार संपवायची, मग पेंडीच्या पोत्यांआड बसून पोराला पाजायची. पोर पिता पिता झोपायचं. तेवढा वेळ तिला जगात कुणाचं काही देणं लागत नाही असं वाटायचं.

हे सुख फार दिवस टिकलं नाही. गोठ्याचा कारभार वहिनींकडे होता. वहिनी म्हणजे थोरल्या मालकांची सून. त्या गोठ्याचे फोटो काढून दूध घेणाऱ्यांना दिसावेत म्हणून मोबाइलवर टाकायच्या, आणि त्यांतल्या एका फोटोत धारवालीच्या पाठीवरचं पोर दिसलं. खाली कुणीतरी लिहिलं, गोठ्यात पोर कशाला, असलं दूध आम्ही प्यायचं का? दुसऱ्या दिवशी दाराला पाटी लागली, लहान मुलांना आत आणू नये. गोठ्यात येणारं लहान मूल एकच होतं. म्हणजे पाटी एकट्या त्याच्यासाठी होती, आणि त्याला वाचायला तर सोडाच, अजून बसायलाही येत नव्हतं.

"मनाला लावून घेऊ नकोस," वहिनी म्हणाल्या. "माझी मुलगी आणते का मी गोठ्यात? आपण दोघी आयाच ना शेवटी. समजून घे."

वहिनींची मुलगी गोठ्यासमोरच्याच घरात असायची. ती हाक मारण्याच्या अंतरावर होती, आणि सांभाळायला वेगळी बाई होती. वहिनींना दूध आलंच नव्हतं, मुलगी डब्याच्या पावडरीवर वाढली. धारवालीचं घर ओढ्यापलीकडे टेकाडावर होतं. पण 'आपण दोघी' म्हटल्यावर बोलायला जागाच उरत नाही. तिनं मान हलवली आणि पोराला सासूकडे ठेवायला लागली.

चोरटी रुसली. एक सकाळ तिनं थेंब दिला नाही. तेव्हा धारवालीनं घरून पोराचं दुपटं आणलं, न धुतलेलं, दुधाचा आणि शीचा वास असलेलं, आणि खांद्यावर टाकून चोरटीच्या तोंडाजवळ नेलं. गाईनं ते हुंगलं, सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. बघणाऱ्यांना वाटलं बाई घाम पुसायला फडकं आणते. तिनंही कुणाला सांगितलं नाही. गाय फसली याचं तिला वाईट वाटायचं, पण कामच तसलं होतं.

तिच्या स्वतःच्या दुधाचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, काढून ठेव, गार जागी ठेवलंस तर पोराला पाजता येतं. म्हणून दुपारी ती पोत्यांआड बसून एका छोट्या स्टीलच्या डब्यात दूध काढायची आणि तो डबा पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवायची. संध्याकाळी तो घरी न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना सासू ते पोराला चमच्यानं पाजायची. छाती दाबून काढताना डोळ्यांत पाणी यायचं. पण डबा भरला की तिला एखादं मोठं काम फत्ते केल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी वहिनी पाणी प्यायला माठाशी गेल्या आणि त्यांच्या पायाला डबा लागला.

दुधाची गाडी दारात उभी होती. गाडीवाला पायरीवर बसला होता, वैरणवाला कुट्टी करत होता, आणि थोरले मालक खुर्चीत होते.

"हा डबा कुणाचा?"

"माझा," धारवाली म्हणाली.

वहिनींनी झाकण काढलं. "आणि दूध?"

"तेही माझंच आहे."

"तुझं?" वहिनी हसल्या. "तुझी गाय कुठली बांधली आहेस इथं?"

गाडीवाला खो खो हसला. वैरणवाल्याचा हात थांबला.

"वहिनी, जरा बाजूला या ना. सांगते."

"बाजूला कशाला? सगळ्यांसमोर सांग. रोज बादलीत कमी भरतंय, आणि मी बिचाऱ्या गाईंना दोष देतेय." त्यांनी डबा उजेडात तिरका केला. "आणि वर पाणी! बघा बाबा, नुसतं निळं पडलंय. चोरी करायची तर दुधाची तरी करावी."

थोरल्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. त्यांचा जन्म गोठ्यात गेलेला. गाईचं दूध कोणतं आणि नाही कोणतं हे त्यांना कळलं नसेल, असं धारवालीला कधीच वाटलं नाही. पण त्यांनी डोळे आपल्या वहाणेच्या अंगठ्यावर नेले आणि तिथंच ठेवले.

"चोरीचं दूध या गोठ्याबाहेर जाणार नाही," वहिनी म्हणाल्या. "ओत. त्या नालीत ओत. मी बघते."

एक शब्द बोलली असती तर सगळं संपलं असतं. पण समोर तीन पुरुष, त्यातला एक अजून हसत होता, आणि तो शब्द तिच्या जिभेवरून पुढे सरकेना. तिनं डबा घेतला. गाईंचं मूत वाहून नेणारी नाली होती ती. दूध त्यात पडलं, जरासं पांढरं दिसलं आणि पिवळ्यात मिसळून गेलं.

"धुऊन ठेव डबा," वहिनी म्हणाल्या. "चोराच्या उलट्या बोंबा नकोत मला उद्या."

सूड घ्यावा असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी. पण घ्यायचा कसा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओढ्यातून घरी जाताना ती मनातल्या मनात वहिनींच्या तोंडात शेण कोंबायची, त्यांचा मोबाइल नालीत बुडवायची, पेंडीत माती कालवायची. घरी पोचेपर्यंत सगळं करून झालेलं असायचं, आणि सकाळी ती पुन्हा वेळेवर कामावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुसरं काम त्या करपलेल्या गावात नव्हतं.

नवरा कापणीच्या यंत्रावर दूर गेला होता. फोनवर तो म्हणाला, "जाऊ दे गं. जमवून घे. मी आलो की बघतो." तो आला की बघणार होता अशा गोष्टींचा घरात ढीग लागला होता.

डबा बंद झाला तशी घरात बाटली आली. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, बाटली नको म्हटलं होतं ना मी?"

"मग काय करू? रडून रडून काळानिळा होतो तो. माझ्या वाळक्या छातीला लावू?" सासू बोलली, पण तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "तुझंही चुकत नाही, माझंही नाही. पोराला भूक लागते, एवढंच."

दुपारी धारवालीची छाती दगडासारखी व्हायची. ती पोत्यांआड बसून आता सरळ जमिनीवर दूध पिळायची आणि वरून पायानं भुसा ओढायची. हळूहळू पिळायलाही कमी यायला लागलं. आणि मग एका संध्याकाळी ती घरी आली, हात धुतले, पोराला मांडीवर घेतलं, तर त्यानं छातीला तोंड लावलं, दोनदा ओढलं, आणि तोंड फिरवलं. बाटलीतून भसाभस येतं, इथं ओढावं लागतं. तिनं पुन्हा लावलं. त्यानं पाठ ताठ केली, किंचाळला, आणि सासूच्या हातातल्या बाटलीकडे दोन्ही हात पसरले.

ती रडली नाही. भिंतीला टेकून ती पोराचं बाटली चोखणं बघत राहिली. वहिनींनी आपलं दूध ओतायला लावलं ते एक वेळ ठीक, पण त्यांनी आपलं पोर नेलं, असं तिच्या मनानं घेतलं. आता शेण आणि मोबाइल असल्या पोरकट गोष्टी तिच्या डोक्यात आल्या नाहीत. तिनं खुंटीवरचं दुपटं काढलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही.

तिनं दिवस बरोबर निवडला होता. दूरच्या एका मोठ्या गोठ्याचा मालक दोन दिवसांनी चोरटीला बघायला येणार होता. गाय विकली गेली तर उरलेल्या गाईंना पावसाळ्यापर्यंत वैरण मिळणार होती, नाहीतर वहिनींचा गोठाच बंद. हे सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक म्हणालं होतं, मी गाय बघत नाही, धार बघतो, आणि सुई टोचून दूध उतरवलेली गाय मला चालत नाही.

ती गेली नाही त्या सकाळी वहिनींनी चोरटीला धार काढायचं यंत्र लावलं. तिनं यंत्राला लाथ घातली. वैरणवाल्यानं मागचे पाय बांधून हातानं काढून पाहिलं. थेंब नाही. संध्याकाळीही नाही. वैरणवाला मुद्दाम ओढ्यापलीकडे येऊन हे सगळं सांगून गेला. धारवालीनं त्याला पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कुणाला लाथ बसली? किती जोरात? ऐकताना तिला पोट भरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले मालक स्वतः आले. टेकाड चढून दम लागलेला. दारातच उभे राहिले.

"पोरी, गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय."

"येऊ द्या की."

"गाय दूध देईना."

"चोरटीच ती. आणि चोरांना तुमच्या गोठ्यात कुठं जागा आहे?"

थोरल्यांनी ते गिळलं. "कासेला सूज आली आहे. पाय फाकवून उभी आहे, बसता येत नाही तिला. रात्रभर हंबरते."

"हंबरू द्या."

ती आत निघून गेली. म्हातारा टेकाड उतरू लागला. खिडकीतून त्याची पाठ बघताना तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिची डावी छाती सकाळपासून ठणकत होती. पोर घेत नव्हतं आणि दूध पुरतं आटलंही नव्हतं, आत एक गाठ धरली होती. सासूनं गरम पाण्याचं फडकं दाबलं तेव्हा ती ओठ चावून कळवळली.

"हात वर कर. अजून थोडं," सासू म्हणाली. "ही कळ शत्रूलाही नको गं बाई."

शत्रूला हवी होती. चांगली दोन्हीकडे हवी होती. पण कळ शत्रूच्या वाट्याला गेलीच नव्हती, ती गोठ्यात पाय फाकवून उभी होती. बिचारीचं वासरू गेलं, मग मानलेलं वासरूही दाराबाहेर गेलं, आणि आता तिच्याच कासेवर आपण सूड उगवतोय. धारवालीला स्वतःचा असा राग आला की ती फडकं बाजूला टाकून उठली आणि धावत टेकाड उतरली. थोरले ओढ्यापाशी बसले होते.

"येते उद्या," ती म्हणाली. "पण एक आहे. धार मी माझ्या मनासारखी काढणार. कुणी मधे बोलायचं नाही."

"तुझ्या मनासारखी काढ. शब्द देतो."

"शब्द त्या दिवशी माठापाशी बोलायला हवा होता," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं पुन्हा वहाणेकडे पाहिलं.

सकाळी निघताना तिनं सासूला बजावलं, "मी येईपर्यंत बाटली द्यायची नाही."

"आणि तो रडला तर?"

"रडू दे आज."

गोठा धुऊन लख्ख केला होता. गिऱ्हाईक म्हणजे एक जाडजूड माणूस, खांद्यावर रुमाल, सगळ्या गाईंच्या दातांत डोकावत फिरत होता. वहिनी त्याच्यामागे हसत चालत होत्या. धारवालीला बघून त्यांचा चेहरा सुटला.

"आलीस? बरं झालं. झालं गेलं विसरून जा. नवी बादली काढली आहे बघ."

धारवालीनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. चोरटीची कास लाल, तुकतुकीत झाली होती. कोमट पाण्यानं ती शेकताना गाय थरथरली, पण पाय उचलला नाही. मग तिनं दुपटं काढून गाईच्या नाकापुढे धरलं. चोरटीनं लांब श्वास घेतला. पाठीवरची कातडी सैल झाली आणि चारही सड टपटप गळायला लागले.

"वा!" गिऱ्हाईक म्हणालं. "हे पान्हवणं! बघा, बघा."

धारवालीनं बसकण ओढली, बादली पायानं बाजूला सरकवली आणि पहिली धार जमिनीवर मारली.

"अगं, बादली!" वहिनी ओरडल्या.

तिनं दुसरी धार मारली, मग तिसरी. दोन्ही हातांनी, लयीत, जशी रोज काढायची तशी. गोठ्याची फरशी नालीकडे उतरती असते. दूध फेसाळत त्या उतारानं निघालं.

"बादली घे! वेडी झालीस का? वाया जातंय सगळं!"

"मनासारखी काढायची असं ठरलंय," ती मान न वळवता म्हणाली. "विचारा थोरल्यांना."

"बाबा!"

थोरले काही बोलले नाहीत. न बोलण्याची त्यांना सवयच होती, ती आज कामाला आली. वैरणवाला पुढे होऊन बादली सडांखाली सरकवायला गेला, तर चोरटीनं अशी लाथ झाडली की नवी बादली खणखणत गिऱ्हाइकाच्या पायाशी जाऊन थांबली. नाली भरून वाहायला लागली. पांढरी, काठोकाठ. बाहेरच्या कुत्र्यांना वास लागला आणि नालीच्या तोंडाशी त्यांची भांडणं जुंपली. वहिनी नालीकडे बघत उभ्या होत्या, आणि त्यांनी नीट बघावं म्हणून धारवाली एकेक सड शेवटच्या थेंबापर्यंत निपटत होती.

गिऱ्हाइकानं रुमालानं मान पुसली. "गाय एक नंबर आहे. पण मी गाय न्यायला आलो होतो. ही नेली तर बाईही न्यावी लागेल, आणि बाई काही विकाऊ दिसत नाही." तो दाराकडे वळला. "कळवतो." असं म्हणणारे कधी कळवत नसतात, हे गोठ्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

गाडीचा आवाज लांब गेला. वहिनी धारवालीसमोर आल्या. "कशाचा सूड काढलास गं? एका डबाभर चोरलेल्या..."

आणि त्या थांबल्या. धारवाली उठून उभी राहिली होती. तिचं कुडतं पुढून पार भिजलं होतं. दोन मोठे ओले डाग पोटापर्यंत उतरले होते आणि अजून पसरत होते. ओढणी कमरेलाच होती. तिनं ती सोडली नाही, वर ओढली नाही, हातांची घडीसुद्धा घातली नाही. वैरणवाल्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. वहिनींनी त्या डागांकडे पाहिलं, मग नालीकडे, मग माठाकडे.

"ते... त्या दिवशीचं..."

"हो."

"मला सांगायचं होतंस गं!"

"सांगितलं होतं. माझं आहे म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, तुझी गाय कुठली."

वहिनींनी तोंडावर हात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं हे धारवालीला दिसलं. "आपण दोघी आयाच ना..." त्या पुटपुटल्या.

"मी आई आहे," धारवाली म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी मालकीण होतात."

तिला कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. चोरटीच्या कपाळावरून तिनं हात फिरवला. मग दुपटं मधोमध टरकावलं, अर्धं वैरणवाल्याच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "हे हिच्या नाकाला धर, म्हणजे दूध देईल. गाईसाठी सांगतेय. यांच्यासाठी नाही."

ओढा ओलांडून टेकाड चढताना तिला वाटेत माणसं भेटली, त्यांनी तिच्या कुडत्याकडे पाहिलं. पाहू देत, म्हणून ती तशीच चालत राहिली. घराच्या अलीकडूनच पोराचं रडणं ऐकू आलं. ते रडणं कानी पडताच पुन्हा कळ उठली, आणि ती धावायलाच लागली.

"घे बाई तुझं पोर," सासू म्हणाली. "माझे कान गेले."

तिनं उंबऱ्यावरच बसकण मारली. पोर रडून लाल झालं होतं. त्यानं ओल्या कुडत्याला नाक लावलं, हुंगलं, तोंड फिरवलं. पोरानं पुन्हा हुंगलं, आणि मग दोन्ही मुठींत कुडतं धरून असं काही तोंड मारलं की ती "आई गं!" म्हणून ओरडलीच. हिरडीतून नुकता वर आलेला दात त्यानं कचकन रोवला होता. दात रोवून तो रागानं, डोळे वटारून तिच्याकडे बघत होता.

"अगं, काढ त्याला! रक्त येईल!" सासू धावली.

"राहू द्या, आत्या," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. "चाव रे. चांगला चाव. तुझाही राग राहिलाय ना?"

पोरानं आणखी एकदा चावलं. मग दात सैल सोडला आणि प्यायला लागलं.